शुद्ध करून दिलेला प्रश्न

सगळे त्यांना ऱ्हस्व मास्तर म्हणत. नावाला कारणं दोन होती आणि दोन्ही खरी होती. एक, मास्तर उंचीला बेताचे. फळ्याच्या वरच्या कडेला लिहायचं तर खुर्चीवर चढावं लागे. दुसरं, समोर आलेला कुठलाही कागद, मग तो निबंध असो की औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, त्यातल्या वेलांट्या आणि उकार लाल पेनने दुरुस्त केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. एकदा जुना शेजारी वारल्याचं पत्र आलं. मास्तरांनी ते आधी शुद्ध केलं आणि मग डोळे पुसले. हे सांगणारे मास्तर स्वतःच. पुढची सगळी हकिगतही त्यांनीच वेळोवेळी, चहाच्या कपावर, सांगितलेली आहे, आणि सांगताना त्यांनी स्वतःला कुठे सूट दिलेली नाही.

त्यांचं शहर टेकडीवर आणि टेकडीखाली असं दोन ठिकाणी वसलेलं होतं. वरच्या वस्तीत दवाखाने, बँक, वकिलांच्या पाट्या आणि वरची शाळा. खालच्या वस्तीत कापड रंगवायचा कारखाना, इस्पितळाची धुलाई आणि खालची शाळा. मधे दोनशे बारा दगडी पायऱ्या. मास्तर जन्मले खाली. कारखान्याच्या गटारात कुठला रंग वाहतोय त्यावरून वार ओळखणाऱ्या पोरांतले ते एक. पण परीक्षेत पहिले आले, शिष्यवृत्ती मिळवून वरच्या शाळेत गेले, पुढे तिथेच भाषा शिकवू लागले आणि वरच्या वस्तीत दोन खोल्या भाड्याने घेऊन राहिले. तेव्हापासून पायऱ्या उतरताना त्यांचे गुडघे दुखायला लागले. चढताना कधी दुखत नसत.

खाली त्यांची थोरली बहीण होती, ताई. धुलाईत चादरींना इस्त्री करण्यात तिची पस्तीस वर्षं गेली होती. शाळेच्या समारंभात भाषणाला उभे राहिले की मास्तर हमखास सांगत, "माझ्या बहिणीने माझ्यासाठी स्वतःच्या शिक्षणाचा त्याग केला." टाळ्या पडत. एका वर्षी ताई ते भाषण ऐकायला आली आणि बाहेर पडताना म्हणाली, "कसला त्याग रे धाकट्या? मला शाळा आवडत नव्हती. पाटी विहिरीत टाकून मी पळून आले, आणि चहाडी तूच केलीस." पुढच्या वर्षीही मास्तरांनी त्यागच सांगितला. टाळ्यांची चटक वाईट.

मास्तरांची निवृत्ती चार वर्षांवर आली तेव्हा नगरपालिकेने ठरवलं, की दोन्ही शाळा मोडून एकच शाळा करायची. पायऱ्यांच्या मध्यावर एक बंद पडलेलं कापडाचं गोदाम होतं, तिथे. वरच्यांनी अर्धं उतरायचं, खालच्यांनी अर्धं चढायचं. आणि हे लोकांना विचारून करायचं. दोन्ही वस्त्यांतल्या प्रत्येक मोठ्या माणसाला एक मत.

वरच्या वस्तीत हाहाकार उडाला, पण हळू आवाजात, कारण तिथे सगळं हळू आवाजातच चाले. आठवड्याभरात 'शैक्षणिक दर्जा रक्षण समिती' उभी राहिली. अध्यक्ष वकीलसाहेब, कोषाध्यक्ष डॉक्टरीणबाई, आणि चिटणीस म्हणून एकमताने ऱ्हस्व मास्तर. मास्तर हरखले. वीस वर्षं वकीलसाहेबांच्या दिवाणखान्यात ते दाराजवळच्या खुर्चीवर बसत आले होते. आता खुर्ची टेबलापर्यंत सरकली. आपल्याला का निवडलं, हा विचार त्यांच्या मनात आलाच नाही असं नाही. वकीलसाहेबांनी पहिल्याच सभेत कारण बोलूनही दाखवलं: "मास्तर खालून आलेले आहेत. तेच नको म्हणतात म्हटल्यावर आपल्याला कोण नावं ठेवणार?" कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण मास्तर दरवर्षी सातवीला अर्थासह शिकवत. त्या सभेत ती त्यांना आठवली नाही.

खरं सांगायचं तर मास्तरांना दर्जाची फार काळजी नव्हती. त्यांचं दुखणं वेगळं होतं. दोनशे बारा पायऱ्या ते एकटे चढून आले होते. आता शाळाच शंभर पायऱ्या खाली येणार असेल, तर आपण चढलो त्याला अर्थ काय उरला? हे कुणाला सांगता येण्यासारखं नव्हतं, म्हणून ते दर्जाबद्दल बोलत. सभेत त्यांनी सूचना मांडली, की ज्याला दहा ओळी न अडखळता वाचता येतील त्यालाच मताचा हक्क द्यावा. शाळेचा निर्णय निरक्षरांनी घेणं म्हणजे आंधळ्याने चित्र पारखणं. वकीलसाहेबांनी कायद्यात बसत नाही म्हणून नाइलाजाने ती बाजूला ठेवली.

घरी बायकोला सांगितलं तेव्हा ती जेवणाची ताटं घेत होती. बायको टपाल कचेरीत खिडकीवर बसायची. दोन्ही वस्त्यांची माणसं दिवसभर तिच्यासमोरून जात.

"दहा ओळी कुणाच्या?" तिने विचारलं.

"म्हणजे?"

"तुमच्या लिहिण्यातल्या असतील तर मलाही मत नको."

बायकोला व्याकरणाची गोडी नव्हती, एवढंच मास्तरांनी मनाशी म्हटलं.

मतदानाला महिना उरला असताना नगरपालिकेचा कारकून मास्तरांकडे एक कागद घेऊन आला. पालिकेचं प्रत्येक जाहीर निवेदन भाषा तपासायला मास्तरांकडे यायचा रिवाज होता. हा मतपत्रिकेवरचा प्रश्न होता. लिहिलं होतं, "दोन्ही शाळा एक कराव्यात काय?" खाली दोन चौकटी, होय आणि नाही.

मास्तरांनी कागद दोन दिवस ठेवून घेतला. प्रश्नात एकही चूक नव्हती, हीच पंचाईत होती. इतका सरळ प्रश्न कुणालाही कळला असता. दुसऱ्या दिवशी दुपारी, रिकाम्या वर्गात बसून, त्यांनी तो 'शुद्ध' केला. परत गेलेला प्रश्न असा होता: "दोन्ही शाळा स्वतंत्र न ठेवण्याच्या ठरावास मान्यता न देण्यास आपला विरोध आहे काय?"

ज्याला शाळा एक व्हायला हव्यात त्याने होय म्हणायचं होतं, नको असतील त्याने नाही. मास्तरांचा हिशेब सरळ होता. खालचा माणूस 'विरोध' हा शब्द तेवढा ओळखेल, म्हणेल, "छे, आपला कसला विरोध," आणि 'नाही'वर फुली मारून शाळा एक होण्याविरुद्धच मत देऊन बसेल. वरचा माणूस शिकलेला. तो नीट वाचेल. कारकुनाने वाक्य दोनदा वाचलं आणि आदराने घडी घातली. सरकारी कागद म्हटला की तो एका वाचनात कळता कामा नये, असा पालिकेतही समज होता. प्रश्न मंजूर झाला.

समितीत मास्तरांनी तो वाचून दाखवला तेव्हा वकीलसाहेब हसले. "वा, मास्तर," ते म्हणाले, "याला म्हणतात भाषेवर हुकमत." डॉक्टरीणबाईंनी स्वतः त्यांच्यासाठी दुसरा चहा ओतला. वाक्याचा अर्थ मात्र कुणी विचारला नाही. शिकलेल्या माणसांत ते बरं दिसत नाही.

पुढच्या रविवारी मास्तर ताईकडे गेले. ती धुलाईतच होती. इस्पितळाला रविवार नसतो. वाफेने भिंती ओल्या झालेल्या, लांब टेबलावर चादरींचे गठ्ठे. ताईने इस्त्री उभी केली आणि एप्रनच्या खिशातून पालिकेचं पत्रक काढलं.

"हे घरोघर वाटलंय. आम्ही बाया डोकं लावून बसलो, पण काही उमगेना. शाळा एक व्हायला हवी असेल तर कुठल्या चौकटीत फुली मारायची, तेवढं सांग."

मास्तरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला. एका शब्दाचं उत्तर होतं. ते म्हणाले, "ताई, प्रत्येकाने स्वतः वाचून स्वतः ठरवायचं असतं. मी सांगणं योग्य नाही."

"मला वाचता येत नाही, हे तुला ठाऊक आहे."

"तरीसुद्धा. तत्त्वाचा प्रश्न आहे."

ताईने पत्रकाची घडी केली, खिशात ठेवली आणि इस्त्री उचलली. "चहा घेऊन जा," ती म्हणाली. मास्तरांनी घेतला. त्या चहाची चव नंतर कित्येक दिवस तोंडात राहिली, असं ते सांगतात.

मतदानाचा दिवस उजाडला. वरचं केंद्र शाळेच्या व्यायामशाळेत होतं. मास्तर इस्त्रीचा कोट घालून रांगेत उभे राहिले, मतपत्रिका घेतली आणि पडद्यामागे गेले. समोर त्यांचंच वाक्य छापलेलं. महिनाभरात ते त्यांनी इतक्यांदा म्हटलं होतं, की आता त्याचे शब्द गारगोट्यांसारखे गुळगुळीत झाले होते. मनात धरायला जावं तर निसटत. घाई कशाला, म्हणून त्यांनी रीतसर पृथक्करण केलं. नकार मोजले: 'न ठेवण्याच्या', एक, 'न देण्यास', दोन, 'विरोध', तीन. तीन ही विषम संख्या. नकार विषम असले की वाक्य नकारार्थी. नकारार्थी म्हणजे एकत्र करण्याला नकार. आपलाही नकारच. म्हणून होय. मागून कुणीतरी खाकरलं. मास्तरांनी 'होय'मध्ये सुबक फुली मारली आणि समाधानाने पेटीत टाकली.

चूक साधी होती. वाक्याच्या मुळाशी 'स्वतंत्र ठेवणे' होतं, 'एकत्र करणे' नव्हतं. सातवीतल्या पोराने ही चूक केली असती तर मास्तरांनी त्याला बाकावर उभं केलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निकाल लागला. शाळा एक होणार. खालच्या केंद्रावर जवळजवळ सगळ्यांनी होय म्हटलं होतं. पण वकीलसाहेबांच्या दिवाणखान्यात समिती जमली ती वरच्या केंद्राचे आकडे पाहून: होय चारशे एकतीस, नाही दोनशे नव्वद. वरच्यांनी मनातलं मत दिलं असतं तर ठराव थोडक्यात का होईना, पडला असता.

"आपल्यात फितूर आहेत," वकीलसाहेब म्हणाले.

"मी तर ठासून होय केलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "विरोध आहे काय, असं विचारलं होतं. आहेच मुळी विरोध."

एकेकाने मान खाली घातली. निवृत्त बँक व्यवस्थापक म्हणाले, की त्यांनीही विरोधच नोंदवला होता. मास्तरांनी खिशातून पत्रक काढलं आणि, कुणीतरी परीक्षेत विचारल्यासारखं, वाक्य शेवटाकडून सुरुवातीकडे उलगडत नेलं. सुरुवातीला पोचले तेव्हा त्यांच्या कानशिलांना घाम आला होता.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला विचारलं, "खालच्यांना कळलं कसं?"

"ताईंनी मला विचारलं. मला कुठे कळत होतं? पालिकेचा कारकून पार्सल टाकायला आला, त्याला विचारलं. तो कचेरीत विचारून आला. होय म्हणजे एक, नाही म्हणजे वेगळ्या. ताईंनी धुलाईत सांगितलं, तिथून कारखान्यात गेलं." ती थांबली. "तुम्ही मला विचारलं असतं तर तुम्हालाही सांगितलं असतं."

वकीलसाहेब गप्प बसणारे नव्हते. त्यांनी फेरमतदानासाठी अर्ज केला: प्रश्न क्लिष्ट होता, खालच्या वस्तीतल्या अशिक्षित मतदारांची दिशाभूल झाली. साक्षीला भाषेचे जाणकार म्हणून ऱ्हस्व मास्तर. सुनावणी पालिकेच्या सभागृहात झाली. बाहेरून आलेल्या निवडणूक अधिकारी बाई टेबलामागे बसल्या होत्या. मध्यम वयाच्या, सर्दी झालेल्या. भिंतीला लागून खालच्या वस्तीतली माणसं उभी होती. त्यांत कामावरून आलेली ताई, एप्रनसकट.

बाईंनी आकडे पाहिले. "खालच्यांच्या मतांत तर गोंधळ दिसत नाही," त्या म्हणाल्या. "गोंधळ असला तर वर दिसतो. हा प्रश्न लिहिला कुणी?"

कारकून फाइल शोधू लागला. एक कपाट झालं, दुसरं झालं. त्या कचेरीत गहाळ झालेली फाइल कधी सापडल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं, आणि मास्तरांना ते पक्कं ठाऊक होतं. नुसतं बसून राहायचं होतं. वकीलसाहेबांनीही डोळ्यांनी तेच सुचवलं. पण कारकून घामाघूम होऊन तिसरं कपाट उपसायला लागला, तेव्हा मास्तरांना ते बघवेना. ते उठले. उठल्याचं मागच्यांना कळलं नाही, इतकी त्यांची उंची.

"मी लिहिला."

"कळावा म्हणून लिहिलात की कळू नये म्हणून?"

"खालच्या वस्तीला कळू नये म्हणून."

भिंतीशी कुजबुज झाली. मास्तरांनी तिकडे पाहिलं नाही.

"आणि तुम्हाला स्वतःला कळला होता?"

"लिहिताना कळला होता."

"मत देताना?"

वकीलसाहेब ताडकन उभे राहिले. मतदान गुप्त असतं, साक्षीदाराला हे विचारता येत नाही. बाईंनी नाक पुसत मान डोलावली. "बरोबर आहे. तुम्ही उत्तर देऊ नका."

"मला शाळा वेगळ्या हव्या होत्या," मास्तर म्हणाले. "आणि मी होय केलं."

आधी खालची माणसं हसली, मग वरची, आणि शेवटी बाईंनाही रुमाल तोंडावर धरावा लागला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण मास्तर सांगतात, की त्या हसण्यात उभं असताना, महिन्याभरात पहिल्यांदाच, त्यांना छातीत मोकळं वाटलं.

बाईंनी ताईला पुढे बोलावलं. प्रश्न कळला होता का, विचारलं.

"मला वाचता येत नाही," ताई म्हणाली. "म्हणून विचारून घेतलं."

"कुणाला?"

ताईने मास्तरांकडे क्षणभर पाहिलं. "टपाल कचेरीत," ती म्हणाली.

अर्ज फेटाळला गेला. बाहेर पायऱ्यांवर वकीलसाहेब डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "शेवटी पाणी वळणावरच जायचं." मास्तरांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, आणि वरच्या वस्तीत मोठ्याने बोललेलं ते पहिलंच वाक्य असावं.

मास्तर ताईबरोबर खाली निघाले. बऱ्याच पायऱ्या दोघं उतरली.

"त्या दिवशी तू विचारलंस," मास्तर म्हणाले, "तेव्हा मला उत्तर माहीत होतं."

"ते तेव्हाच कळलं. खोटं बोलायचं असलं की तू चष्मा पुसतोस."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? माझा भाऊ मला फसवतोय, असं त्या बायांसमोर म्हणू?" ती एका पायरीवर टेकली, पिंढऱ्या दाबत बसली. "राग आला होता. अजून आहे. दोन-चार महिने राहील. येत जा तरी."

मास्तर त्या दिवशी तिच्या घरापर्यंत गेले. मग दर रविवारी जात राहिले. राग दोन-चार नाही, सात महिने टिकला. ती तेवढे दिवस चहा देई, पण साखर विचारत नसे.

पुढच्या वर्षी गोदामात शाळा भरली. छत उंच, खिडक्या मोठ्या, आणि पहिल्या पावसाळ्यापर्यंत भिंतींना कापडाच्या खळीचा वास. भाषेचे दोन शिक्षक झाले तर आपण जादा ठरू, हीही एक भीती मास्तरांच्या पोटात होती. प्रत्यक्षात मुलं इतकी आली, की खालच्या शाळेच्या बाई आणि मास्तर मिळूनही पुरेनात. बाई मास्तरांपेक्षा वीस वर्षांनी लहान आणि शिकवायला सरस. मास्तर एकदा त्यांच्या वर्गाबाहेर थांबून ऐकत होते. बाईंनी हात धरून आत आणलं आणि मागच्या बाकावर बसवलं. बाकावर त्यांचे पाय जमिनीला टेकले, याचं त्यांना बरं वाटलं.

वरच्या वस्तीत वर्षभर त्यांना कुणी चहाला बोलावलं नाही. मग एके दिवशी डॉक्टरीणबाई स्वतः शाळेत आल्या. त्यांचा नातू मास्तरांच्या वर्गात होता.

"मास्तर, काय भाषा झालीय हो त्याची," त्या म्हणाल्या. "घरी खालच्या पोरांसारखा बोलतो. तुम्ही तरी लक्ष घाला."

मास्तरांनी बघतो म्हटलं. मधल्या सुट्टीनंतर ते वर्गाच्या दाराशी गेले. आत खिडकीजवळच्या बाकावरून भांडण जुंपलं होतं. एका बाजूला डॉक्टरीणबाईंचा नातू, दुसऱ्या बाजूला रंगाऱ्याची मुलगी. गेल्या वर्षी या मुलाने 'माझा आवडता ऋतू' या विषयावर चार ओळी लिहिल्या होत्या, आणि चारही कुठल्याशा पुस्तकातल्या होत्या. आता तो कमरेवर हात ठेवून सांगत होता, की काल ती बसली, परवाही तीच बसली, तर बाक काय तिच्या बापाने रंगवलाय का. मुलगी म्हणाली, रंगवलाय, जाऊन विचार. तो म्हणाला, विचारतोच, पण तोवर अर्धा बाक माझा, आणि उन्हाची बाजू तुझी.

मुलीने थोडा विचार केला आणि दप्तर उचलून उन्हाच्या बाजूला सरकली. मास्तर आणखी जरा वेळ दारातच थांबले, मग आत जाऊन म्हणाले, "वह्या काढा."